साडेतीन चरणांची गाडी

हरणी जागची हलली नव्हती, आणि तिचं चलान आलं होतं.

हलणार तरी कशी? हरणी म्हणजे संपत मिस्त्रींचा जुना टेम्पो. विट्यात, बंद पडलेल्या गॅरेजच्या अंगणात ती वर्षानुवर्षं उभी होती. टपावर दोडक्याचा वेल चढलेला. हौद्यात मांजरीची बाळंतपणं झालेली. पुढच्या चाकाला टेकवून शालन रोज सकाळी घासलेली भांडी वाळत घालायची. आणि फोन म्हणत होता, 'आपले वाहन जत परिसरात चालताना आढळले. योग्यता तपासणीची मुदत संपलेली आहे. चलान तिसरे. यानंतर वाहन जप्त करून मोडीत काढण्यात येईल.'

"अहो मिस्त्री," शालननं अंगणातूनच हाक दिली, "तुमची हरणी जतला जाऊन आली म्हणं."

संपत मिस्त्री खाटेवर बसले होते. उजवा हात मांडीवर, झोपलेल्या लेकराला घ्यावं तसा. अंगावरून वारं गेलं तेव्हापासून तो हात असाच झोपलेला. "मला न सांगता गेली?" ते म्हणाले. "जाऊ दे. ह्या घरातनं सगळी न सांगताच जतला जात्यात."

लेकीचं नाव न घेता लेकीवर बोलायची ही त्यांची जुनी रीत होती. तनुजा जतला गॅरेज चालवते हे त्यांना ठाऊक होतं. शालन दुपारी परसात जाऊन तिच्याशी फोनवर बोलते हेही ठाऊक होतं. तेवढ्या वेळापुरता ते रेडिओ बारीक करायचे. विचारायचे मात्र कधी नाहीत.

पहिली दोन चलानं शालननं हसण्यावारी नेली होती. तिसऱ्यात 'मोडीत' हा शब्द होता. तिनं एकदा हरणीकडं पाहिलं, एकदा नवऱ्याकडं. वारं गेल्यानंतर कितीतरी गिऱ्हाइकं हरणी मागून गेली होती, आणि प्रत्येकाला मिस्त्रींनी एकच उत्तर दिलं होतं, "शेवटची गाडी हाय माझ्या हातची. हात गेला, आता गाडी पण देऊ?"

तिनं पदर खोचला, चपला घातल्या आणि मार्गश्रवण केंद्राची वाट धरली.

*

त्या वर्षांत रस्ते ऐकू लागले होते.

त्याचं असं झालं. रस्त्याच्या पोटातून केसासारख्या बारीक काचेच्या तारा आधीपासूनच गेलेल्या होत्या, फोनसाठी, इंटरनेटसाठी. त्या तारेतून उजेडाचा एक ठिपका सोडला, की वाटेत काचेच्या कणाकणावर आपटून त्याचा थोडासा अंश माघारी येतो. वर जमीन थरथरली, तर खालची तार केसभर ताणते, आणि माघारी येणारा उजेड तितकाच बदलतो. उजेडाचा वेग ठाऊक असल्यानं थरथर नेमकी कुठं झाली तेही कळतं. म्हणजे कोसभर लांबीची एक तार हा झाला कोसभर लांबीचा कान.

आणि ह्या कानाला गाड्या ओळखता येऊ लागल्या. अंधारात पावलांवरून घरातलं माणूस कोण ते कळतं, तसंच. नंबराची पाटी बदलता येते. चाल बदलता येत नाही. प्रत्येक गाडीची मोटर, तिची बैठक, तिचा तोल, सगळं मिळून जमिनीत एक थरथर उतरते. तिला म्हणायचे कंपखूण. वर्षातून एकदा गाडी केंद्रात न्यायची, तिथल्या लोखंडी पाटावर चढवायची, पाटानं तिची तब्येत तपासायची आणि खूण ताजी करून घ्यायची. बोल्ट ढिला असो, धुरा वाकलेला असो, पाटाला आधी कळायचं, मालकाला मागनं. त्या वर्षांत अपघात खरोखरच कमी झाले होते. तपासणी चुकवून गाडी रस्त्यावर आली, तर रस्ताच तिला ओळखून चलान पाठवायचा. पोलिसानं शिट्टी मारायची गरजच उरली नाही.

कंपनीच्या नव्या गाड्यांच्या खुणा साच्यातल्या विटांसारख्या असत. त्यांतही रस्ता वीट न् वीट वेगळी ओळखायचा. जुन्या डिझेलच्या गाडीचं इंजिन उतरवून तिथं विजेची मोटर बसवलेली असली, की तिची खूण अगदीच निराळी. ती मोटर कुणाच्या हातानं बसली, त्यावर सगळं अवलंबून. हरणी अशीच गाडी होती.

*

केंद्रात निलोफर शिकलगार नावाची तरुण अधिकारी होती. तिनं शालनला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि फोनमधला हरणीचा फोटो पाहून कपाळाला हात लावला.

"मावशी, हिच्यावर तर दोडकी लागल्यात!"

"तेच तर सांगायला आले, मॅडम. तुमचा रस्ता ठार खुळा झालाय."

"रस्ता खुळा होत नाही हो." निलोफरनं पडद्यावर दोन रेघा काढल्या. एक हरणीची जुनी, मिस्त्रींनी शेवटची तपासणी करून घेतली तेव्हाची. दुसरी जतच्या रस्त्यावरची, परवाची. मग एकीवर एक ठेवल्या. दोन्हींची मिळून एकच रेघ दिसली. "अशी गाठ मी कधी पाहिली नव्हती. जुळ्या भावांचे अंगठे पण एवढे जुळत नाहीत. ऐकता?"

तिनं शालनच्या कानांवर ऐकण्याचं यंत्र चढवलं. जमिनीतली थरथर माणसाच्या कानाला ऐकू येईल अशी करून त्यात सोडली.

आधी नुसती घरघर आली. मग घरघरीतून एक ठेका वर आला. तीन लांब, एक आखूड. तीन लांब, एक आखूड.

शालनचे ओठ आपोआप हलले.

*चाकाखाली गेली वाट,*
*मागं राहिला गं घाट,*
*पुढं बाजाराचा थाट,*
*परत ये.*

ही ओवी तिची स्वतःची. लग्नाघरी हळद दळायला तिला आजही जात्यावर बसवायचे. गळा तिच्या आईकडून आलेला. पण ही ओवी जात्यावरची नव्हती, गॅरेजातली होती. मिस्त्री मोटर बसवायला घेत, तेव्हा शालन उंबऱ्यात बसून नटबोल्ट निवडत गायची. मोटरच्या बैठकीला चार बोल्ट. मिस्त्री एकेका चरणाला एकेक बोल्ट आवळायचे. ओवीचे तीन चरण पुरे, चौथा अर्धाच, म्हणून तर ओवी साडेतीन चरणांची. चौथा बोल्टही मिस्त्री अर्ध्या आट्यात सोडायचे आणि वर दुसरा नट चढवून पक्का करायचे. "तिला श्वास घ्यायला जागा ठेवावी," असं म्हणायचे. त्या जागेमुळे गाडी तीनदा गुरगुरायची आणि एकदा उसासा टाकायची. दुसऱ्या कुठल्या मिस्त्रीची ही रीत नव्हती.

दुसऱ्या कुठल्या मिस्त्रीची नव्हती. पण त्याच गॅरेजात, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, फ्रॉकला ग्रीस पुसत एक पोरगी हे सगळं बघत मोठी झाली होती.

शालननं कानावरचं यंत्र उतरवलं.

"ही कुणाची गाडी, ओळखता का?" निलोफरनं विचारलं. तिनं शालनचे ओठ हललेले पाहिले होते.

"का?"

"कारण मुद्दाम दुसऱ्या गाडीची खूण उतरवणं गुन्हा आहे. चोरीच्या गाड्यांना असं करतात. तुम्ही लेखी तक्रार दिली, की 'आमची गाडी उभी आहे, ही कुणीतरी नक्कल केलीय', तर हरणी वाचेल. पण मग ती गाडी बनवणाऱ्याची चौकशी लागेल. परवाना जाईल."

"आणि न्हाई दिली तर?"

"तर रस्त्याच्या हिशेबी हरणीच फिरतेय. तपासणीविना. ती जाईल."

हरणी वाचवावी तर लेकीचं गॅरेज जातं. लेक वाचवावी तर नवऱ्याच्या हातचं शेवटचं काम मोडीत निघतं. शालननं डोळ्यांवरून पदर फिरवला आणि म्हणाली, "न्हाई ओळखत मी."

निलोफरनं पडदा मालवला. खुर्ची जवळ ओढली.

"मावशी, आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सुऱ्यांना धार लावायचं काम. माझा आज्जा नुसती सुरी हातात घेऊन सांगायचा, ही माझ्या बापानं लावलीय का चुलत्यानं. आणि चुलत्याची धार शिकलेल्याची धार चुलत्यासारखीच असायची. त्याला कुणी नक्कल म्हटलं नाही." तिनं आवाज खाली आणला. "एक वाट आहे. त्या जतच्या गाडीची स्वतःची खूण कुठंच नोंदलेली नाही, म्हणजे ती नवी असणार, तिची पहिली तपासणी व्हायचीय. त्याआधी हरणीला माझ्या पाटावर आणा. तिची आजची खूण जुनीपेक्षा वेगळी आली, तर जुनी खूण मोकळी होईल, आणि जतच्या गाडीच्या नावावर लागेल. कुणाचीच चूक राहणार नाही. सोमवारपर्यंत जप्ती मी थांबवते. पण मावशी, वेगळी यायला हवी. थोडीथोडकी नाही."

"पोरी," शालन उठता उठता म्हणाली, "तुला जेवायला बोलवीन. दोडक्याची भाजी खातीस ना?"

*

घरी येऊन तिनं मिस्त्रींना सगळं सांगितलं. शब्दही गाळला नाही. तनूचं नाव उघड घेतलं, कितीतरी वर्षांनी.

मिस्त्री ऐकत राहिले. शेवटी त्यांनी एकच विचारलं.

"रस्त्याला सुदीक कळलं न्हाई?"

"काय?"

"माझा हात कुठला आन् तिचा कुठला."

"न्हाई. रेघेवर रेघ बसली."

मिस्त्रींचा चेहरा आधी हसला, मग रडू लागला, मग दोन्ही एकदम करू लागला. वारं गेल्यापासून त्यांच्या चेहऱ्याची एक बाजू मागं राहायची, त्यामुळं कुठलं काय ते फक्त शालनला कळत होतं.

तेव्हा घडलं होतं ते असं. मिस्त्री दवाखान्यातून घरी आले, आणि तनुजा म्हणाली, "आबा, गॅरेज मी चालवते." मिस्त्रींची जीभ अजून जड होती, पण जे बोलायला नको तेवढं मात्र स्वच्छ निघालं. "पोरीच्या हातानं आवळलेला बोल्ट वेशीपतुर टिकत न्हाई." दुसऱ्या दिवशी तनुजा गेली. जाताना भिंतीवरचा सोळा-सतराचा पाना घेऊन गेली. त्या खिळ्यावर मिस्त्रींनी पुन्हा दुसरा पाना कधी टांगला नाही.

"हरणी जाऊ दे," मिस्त्री आता म्हणाले. "घेऊन जाऊ द्या. तिच्या गॅरेजला धक्का नको."

"अहो, पण ती पोरगी म्हणली ना, पाटावर आणा. मोटरखालचं रबर कुजलंय, बैठक नव्यानं करावी लागंल. ते तनूशिवाय कोण करणार?"

"ती येती व्हय?"

"इचारा की."

"तू लाव फोन."

"मी रोज लावते. आज तुम्ही लावा."

मिस्त्रींनी फोन डाव्या हातात धरला. पलीकडं 'हॅलो, आई' झालं. त्यांनी घसा साफ केला. शालनला वाटलं, आता हे माफी मागतील. ती उगाच दोरीवरचे कपडे काढू लागली.

"आई न्हाई," मिस्त्री गुरकावले. "तुझ्या गाडीचं चलान माझ्या दारात आलंय. येऊन निस्तर."

आणि फोन ठेवून दिला.

"असं बोलत्यात व्हय?" शालन कपडे टाकून धावली. "असं बोलावत्यात लेकीला?"

"मग कसं बोलावत्यात?" मिस्त्री केविलवाणे झाले. "मला काय तुझ्यासारखी ओवी येती का?"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी शालन हरणीवरचा वेल उतरवत होती, तेवढ्यात फोन वाजला.

'आपले वाहन जत येथे चालताना आढळले.'

"आता गं बया, चौथं!" ती म्हणाली. आणि मग तिच्या ध्यानात आलं. तनू त्याच गाडीतून येत होती. फोनवर सांगायची तो दुधाचा टेम्पो, हरणीच्याच जातीचा तिच्या हातचा पहिला, नुकतीच मोटर बसवून गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी फिरवून बघत होती तो. आणि रस्ता बिचारा त्याला हरणी समजून खबर देत होता.

"अहो, निघाली!"

मिस्त्री खाटेवरून उठून काठी टेकत अंगणात आले. फोन दोघांच्या मध्ये, उलट्या ठेवलेल्या पाटीवर.

फोन पुन्हा वाजला. 'नागज येथे आढळले.'

"नागजला पोचली," मिस्त्री म्हणाले. "हळू चालवती. बैठक नवी हाय म्हणून. बरोबर हाय."

मग किती तरी वेळ काहीच नाही. शालननं चहा ठेवला, उतू घालवला, पुन्हा ठेवला. मिस्त्री फोनकडं असे बघत होते, की चलानाची अशी वाट आजवर कुणी पाहिली नसेल.

'भिवघाट येथे आढळले.'

"घाट चढली!" मिस्त्रींनी काठी आपटली. "भरल्या हौद्यागत चढली आसंल बघ. उसासा टाकत."

"मागं राहिला गं घाट," शालन हळूच म्हणाली.

'खानापूर येथे आढळले.' आणि मग थोड्याच वेळात, 'विटा'.

हे शेवटचं चलान वाचायची गरजच पडली नाही. वळणापलीकडून आवाज आला होता. तीन लांब, एक आखूड.

तनुजा उतरली. ओढणी कमरेला बांधलेली, हातात सोळा-सतराचा पाना. आईच्या गळ्यात पडून झालं. मग बापलेक समोरासमोर उभे राहिले आणि दोघंही हरणीकडं बघू लागले, जणू भेट तिच्याशीच ठरली होती.

"रबर कुजलंय," मिस्त्री म्हणाले.

"दिसतंय," तनुजा म्हणाली. "आणलंय मी."

*

दिवसभर ती हरणीखाली होती. मांजरीला पिल्लांसकट टोपलीत बसवलं. मोटर उतरवली, गंज घासला, बॅटरी भरली, चाकांना नवे टायर घातले, नवं रबर बसवलं. मिस्त्री शेजारी स्टुलावर. "तिथं ग्रीस लाव." "लावलं." "वायर तपास." "तपासली, आबा." "अगं, धुऱ्याचा..." "आबा, चहा प्या."

शेवटी चार बोल्ट राहिले, आणि काम अडलं.

"मी आवळले तर खूण तीच येणार," तनुजा पाना पुसत म्हणाली. "माझा हात दुसरं काही जाणतच न्हाई."

"मग चौथा पण पुरा आवळ. आवळ की गच्च."

"तुमच्या हरणीचा?" तिनं पाना खाली ठेवला. "मी न्हाई. श्वास कोंडंल तिचा. त्यापेक्षा मी माझ्याच सगळ्या गाड्यांची रीत बदलते."

"खबरदार!" मिस्त्री एवढ्या जोरात ओरडले, की मांजर टोपलीतून उडालं. "ती रीत आता तुझी हाय. तिला हात लावायचा न्हाई."

दोघं हट्टाला पेटली. शालन उंबऱ्यात बसून दोघांकडं बघत होती. एकाच लाकडाचे दोन ओंडके. मग ती उठली, पाना उचलला आणि मिस्त्रींच्या डाव्या हातात ठेवला.

"तुम्ही आवळा."

"ह्या हातानं? डाव्या हातानं कुणी नारळ तरी फोडतं का?"

"उजवा झोपलाय. मग डाव्यानंच उठायचं."

मिस्त्री जमिनीवर बसले. पाना बोल्टला लागेना, घसरला, पुन्हा लागला. तनुजा पुढं झाली, तर त्यांनी कोपरानं तिला मागं सारलं. आणि शालननं उंबऱ्यातून सूर धरला. जुनी ओवी नव्हे. जुनी आता लेकीची झाली होती. ही तिला त्या क्षणी सुचत गेली तशी.

*डावा हात झाला पोर,*

पहिला बोल्ट अडखळत फिरला.

*लेक उभी ती समोर,*

दुसरा थोडा बरा. मिस्त्रींच्या कपाळावर घाम.

*हातामंधी देई जोर,*

तिसरा. आणि तिथं शालन अडली. चौथा चरण काही येईना. जात्यावर असं झालं की समोर बसलेलीनं ओवी उचलायची असते, दळण थांबू द्यायचं नसतं. पाना चौथ्या बोल्टावर थांबून राहिला.

"आले बघ," तनुजा म्हणाली.

मिस्त्रींनी चौथा आवळला. किती आवळला ते त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. डोळ्यांत पाणी असताना आटे कुणाला कळतात? तनुजानं वरचे पक्के नट चढवले, चारही बोल्ट मापाच्या पान्यानं तपासले आणि हात झाडत म्हणाली, "बसलेत. पण आबा, डाव्या हातानं आवळलेला बोल्ट वेशीपतुर टिकत न्हाई म्हणत्यात."

मिस्त्रींनी खाली मान घातली.

"असं म्हणणारं माणूस खुळं असतंय," ते म्हणाले.

*

सोमवारी सकाळी तनुजा दोघांना पुढं बसवून हरणी केंद्रात घेऊन गेली. हरणी पाटावर चढली. पाट काही वेळ विचारात पडला. निलोफर पडद्याजवळ नखं खात उभी.

मग ती हसली. "सगळं सुरक्षित. आणि खूण कुणाशीच जुळत नाही. जुन्या हरणीशी पण नाही. मागची सगळी चलानं पुसते मी. काका, ऐकायचंय?"

मिस्त्रींनी कान लावले. घरघरीत काही ठेका म्हणून नव्हता. एक लांब, एक अडखळ, एक उडी, मग पोर धावत येऊन थबकावं तसं काहीतरी.

"बेसूर हाय," त्यांनी निकाल दिला. आणि यंत्र मात्र कानावरून काढलं नाही.

मग निलोफरनं न विचारताच जतच्या टेम्पोचा आवाज लावला. मिस्त्री ऐकत राहिले. डाव्या हाताचं बोट मांडीवर ठेका धरत होतं. त्यांनी यंत्र उतरवून तनुजाकडं दिलं.

"चौथा," ते म्हणाले, "माझ्यापेक्षा बरा सोडतीस."

तनुजानं तोंड फिरवलं. थोड्या वेळानं पिशवीतून सोळा-सतराचा पाना काढून तिनं त्यांच्यापुढं धरला. "घ्या. तुमचा."

"मला काय करायचा तो? उजव्या हाताचा हाय." मिस्त्रींनी तो परत तिच्या पिशवीत सारला. "जतला डाव्या हाताचा पाना मिळतो का गं?"

पान्याला डावं-उजवं नसतं हे त्या खोलीतल्या चौघांनाही ठाऊक होतं.

"मिळतो की," तनुजा म्हणाली. "पण तुम्हाला येऊन बघून घ्यावा लागंल. मापाचा असतोय."

"मग चल," मिस्त्री काठी टेकत उठले. "तपासणी झालीच हाय. आता काय रस्त्याच्या बापाला भ्यायचं?"

शालननं निलोफरच्या टेबलावर दोडक्यांची पिशवी ठेवली. मग ती तिघं पुढच्या सीटवर दाटीवाटीनं बसली, आणि हरणी फाटकातून बाहेर पडली. खाली काचेच्या तारेतून उजेडाचा ठिपका धावत होता. आजवर कधी न ऐकलेली एक चाल त्यानं ऐकली, आणि रस्त्याला ती हरणीच्या नावानं कळली.